फास, बंदूक आणि गाभण हरिणी

निलंगा तालुक्यातल्या कोणत्याही शाळेत फळ्यावर 'हरिण' असा शब्द लिहून मुलांना चित्र काढायला सांगा. निम्म्याहून अधिक मुले डोक्यावर झाडाच्या फांद्यांसारखी शिंगे काढतील आणि अंगावर पांढरे ठिपके देतील. हे चित्र पुस्तकातल्या चितळाचे असते. तेरणा आणि मांजरा यांच्या खोऱ्यातल्या काळ्या रानात, हरभऱ्याच्या किंवा सोयाबीनच्या शेताच्या कडेला याच मुलांनी जे जनावर पाहिलेले असते, त्याची शिंगे मात्र स्क्रूसारखी पीळदार असतात, त्यांना फाटे नसतात आणि ठिपकेही नसतात. ते काळवीट. नराला काळवीट म्हणायचे आणि मादीला हरिणी. लातूर, धाराशिव, बीड, नांदेड, सोलापूर या जिल्ह्यांत लोक 'हरिण' म्हणतात तेव्हा बहुधा याच प्राण्याबद्दल बोलत असतात.

चितळ-सांबरांची शिंगे भरीव असतात. ती दरवर्षी गळून पडतात व नव्याने येतात. काळविटाची शिंगे पोकळ असून आतल्या हाडावर टोपीसारखी बसलेली असतात आणि जन्मभर टिकतात. त्यामुळे शास्त्रीय वर्गीकरणात काळवीट हे चितळापेक्षा गाई-शेळ्यांच्या अधिक जवळचे ठरते. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा असला तरी आज आपल्याला दुसऱ्याच एका गोष्टीबद्दल बोलायचे आहे. या प्राण्याची शिकार आपल्या भागात शेकडो वर्षे होत आली. शिकार करणाऱ्यांनी काय करायचे आणि काय करायचे नाही याचे काही नियम होते का? असल्यास ते का पाळले गेले आणि पुढे का मोडले?

'शिकाऱ्याचा कसला आलाय नियम' असे वाटणे साहजिक आहे. पण शिकारीत उचित काय नि अनुचित काय, हा प्रश्न आपल्या परंपरेत फार जुना आहे. पांडू राजाला शाप मिळाला तो शिकार केल्याबद्दल नव्हे. मृगरूपातली जोडी मीलनात असताना बाण सोडल्याबद्दल मिळाला. आपल्याच मराठवाड्यातल्या पैठणच्या सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त एक प्रसंग आहे. बाणाच्या वाटेत हरिणाची जोडी एकमेकांना वाचवण्यासाठी पुढे पुढे होते आणि ते पाहून रडवेला झालेला व्याध धनुष्य टाकून देतो. हे काव्य आहे, इतिहास नव्हे. तरी शिकाऱ्याचा हात कुठे थांबावा याचा विचार त्या काळी लोक करत होते, एवढे त्यातून नक्की दिसते.

आता काव्यातून रानात येऊ.

महाराष्ट्रात काळविटाची शिकार हाच पिढीजात व्यवसाय असलेला समाज म्हणजे फासेपारधी. नावातच त्यांचे हत्यार आहे. जनावरांच्या तातीचे किंवा चामड्याच्या वादीचे फास करायचे, ते खुंट्यांना एका ओळीत बांधून जमिनीवर मांडायचे आणि कळप हळूहळू त्या दिशेने वळवायचा, ही त्यांची पद्धत. शिकवून तयार केलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडोशाने ते कळपाजवळ सरकत. चरणाऱ्या गुराला हरिण बुजत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. याहून चतुर पद्धत पाळलेल्या काळविटाची. त्याच्या शिंगांना फास बांधून त्याला कळपाजवळ सोडत. काळविटाचा मोठा नर आपला टापू राखतो आणि त्यात दुसरा नर आलेला त्याला खपत नाही. तो चालून येतो, शिंगाला शिंग भिडते आणि फासात अडकते. आज प्राणिवर्तनाच्या पुस्तकात टापू राखण्याच्या वृत्तीवर अख्खे प्रकरण असते. पारध्याने ती वृत्ती ओळखून तिचे हत्यार केले होते.

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी १९८० च्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातील भटक्या शिकारी समाजांचा अभ्यास केला. त्यात एक रीत नोंदवलेली आहे. फासात गाभण हरिणी किंवा पाडस सापडले, तर फासेपारधी त्याला सोडून देत.

या एका रीतीत किती जीवशास्त्र दडले आहे, हे वर्गात करून पाहता येते. त्यासाठी वाटीभर तूर आणि वाटीभर हरभरे पुरेत. तुरीचा दाणा म्हणजे मादी, हरभरा म्हणजे नर. सुरुवातीला २० माद्या व १० नर असा ३० जनावरांचा कळप मांडा. नियम सोपे ठेवू. दरवर्षी शिकारी ६ जनावरे नेतो. उरलेल्या प्रत्येक मादीला वर्षाला एक पाडस होते. त्यांतली निम्मी जगतात (अर्धे आल्यास सोडून द्यायचे). जगलेल्यांत निम्मे नर, निम्म्या माद्या, आणि एखादे जास्त उरल्यास ते मादी धरायचे. गणित सोपे व्हावे म्हणून पाडसे पुढच्याच वर्षी मोठी झाली असे मानू.

आता वर्गाचे दोन गट करा. पहिल्या गटाचा शिकारी फक्त नर नेतो. पहिल्या वर्षाअखेर त्याच्याकडे २५ माद्या, ९ नर होतील. दुसऱ्या वर्षी ३१ आणि ९, तिसऱ्या वर्षी ३९ आणि १०, चौथ्या वर्षी ४९ आणि १३, पाचव्या वर्षी ६१ आणि १९. दुसऱ्या गटाचा शिकारी फक्त माद्या नेतो. त्याचे आकडे असे येतात : १८ माद्या व १३ नर, मग १५ आणि १६, मग ११ आणि १८, मग ६ आणि १९. पाचव्या वर्षी तो उरलेल्या सहाही माद्या नेतो. त्याच्याकडे १९ नर उरतात आणि मादी एकही नाही.

दोन्ही गटांनी पाच वर्षांत तीस-तीसच जनावरे मारली. दोघांकडे नरही १९-१९च उरले. पण एकाचा कळप ८० जनावरांचा झाला, तर दुसऱ्याचा संपल्यातच जमा आहे. त्यातही दुसरा कळप पहिली दोन वर्षे ३१ वरच राहिलेला दिसतो. नुसती डोकी मोजणाऱ्याला त्या वेळी सारे ठीकच वाटले असते. मुलांना हे आवर्जून दाखवावे. संख्या तीच राहून आतून कळप कसा पोखरतो, हे समजायला याहून स्वस्त साधन नाही.

अर्थात खऱ्या रानात हे आकडे असे चालत नाहीत. मोठी जनावरेही मरतात, लांडगे असतात, दुष्काळात गवत संपते. कुठलाच कळप पाच वर्षांत अडीचपटीहून अधिक होऊन पुढेही तसाच वाढत जात नाही. शिवाय फासेपारध्यांची रीत 'मादी मारायचीच नाही' अशी कडक नव्हती. गाभण मादी आणि पाडस एवढ्यापुरती ती होती. पण दिशा तीच. काळविटाचा एक नर अनेक माद्यांशी जुगतो, तर मादीला साधारण सहा महिन्यांच्या गर्भकाळानंतर एका वेळी बहुधा एकच पाडस होते. म्हणून कळपाचे भवितव्य माद्यांवर ठरते.

इथे हत्याराचा विचार करायला हवा. फासात जनावर जिवंत सापडते. पारधी जवळ जातो, पाहतो आणि ठरवतो. निवड करायला त्याला वाव असतो. बंदुकीच्या गोळीला परत बोलावता येत नाही. दीडशे-दोनशे पावलांवरून हरिणी गाभण आहे की नाही हे ओळखणार कसे? फास हे क्रूर साधन नाही असे मात्र कोणी समजू नये. अडकलेले जनावर घाबरून धडपडते, पाय मोडतो. काळवीट तर इतके भित्रे, की पकडल्याच्या ताणानेच त्याच्या स्नायूंवर आणि हृदयावर परिणाम होऊन सोडल्यावरही ते दगावू शकते. पशुवैद्यांना हा अनुभव नेहमी येतो. म्हणजे सोडलेली प्रत्येक हरिणी जगली असेलच असे नाही.

पण हाती आलेले मांस सोडून देणे उपाशी माणसाला कसे परवडत होते? आमच्या मते खरा प्रश्न हा आहे, आणि त्याचे उत्तर 'ते लोक निसर्गप्रेमी होते' असे देऊन भागत नाही. गाडगीळ आणि मल्होत्रा यांच्या अभ्यासातून एक वेगळे उत्तर मिळते. एकाच मुलखात फिरणाऱ्या भटक्या समाजांनी शिकार आपापसांत वाटून घेतलेली होती. फासेपारध्यांकडे काळवीट, तितर, लावे, मोर. तिरमल नंदीवाल्यांकडे कुत्र्यांच्या मदतीने धरायची रानडुकरे, साळिंदर, घोरपड. वैदूंकडे सापळ्यात पकडायची मुंगूस-रानमांजरांसारखी लहान जनावरे. एकाने दुसऱ्याच्या शिकारीला सहसा हात लावायचा नाही. त्यातही कोणत्या कुटुंबांनी कोणत्या गावांच्या टापूत हिंडायचे हे वाटून दिलेले असे, आणि त्यावर जातपंचायतीची नजर असे.

जातपंचायत म्हटले की तिने घातलेले बहिष्कार, बायकांवर केलेला अन्याय हेही आठवले पाहिजे. महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो उगाच नव्हे. तेव्हा तिचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. पण शिकारीपुरते पाहिले तर तिने एक गोष्ट साधली होती. आज सोडलेली हरिणी उद्या शेजाऱ्याच्या फासात जाणार नाही, अशी खात्री तिने दिली होती. पुढच्या वर्षी याच माळावर आपल्यालाच यायचे आहे, आणि हिचे पाडस तेव्हा आपल्याच वाट्याला आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला सोडून देणे परवडते. ज्याला ते ठाऊक नाही, त्याने सोडावे तरी कशासाठी?

इंग्रजी अमलात साहेबी शिकाऱ्यांचीही एक आचारसंहिता होती. परवाना काढायचा, बंद हंगामात बंदूक उचलायची नाही, मादी मारायची नाही, पळणाऱ्या कळपावर अंदाधुंद गोळ्या झाडायच्या नाहीत, जखमी जनावर वाऱ्यावर सोडून घरी यायचे नाही. यातल्या शेवटच्या नियमाचा आदर वाटतो. जखमी जनावराच्या मागे उन्हात कोसभर चालणे हे सोपे काम नव्हे, आणि ते केले नाही तरी पाहायला कोणी नसते. अमेरिकन वनशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड यांनी याच मुद्द्यावर बोट ठेवले होते. शिकाऱ्याचा खेळ प्रेक्षकांविना चालतो, म्हणून त्याला आवरणारे त्याच्या मनाशिवाय दुसरे कोणी नसते.

मात्र साहेबाच्या नियमांत कळपाचा विचार थोडा आणि मानाचा जास्त होता. सर्वांत लांब शिंगांचा नर मारायचा आणि शिंगे मोजून नोंदवायची. अशा नोंदींचे रोलंड वॉर्ड यांचे पुस्तक १८९२ पासून निघू लागले. मोठ्या शिंगांचेच नर वेचून मारले तर पुढे काय होते? कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात रानमेंढ्यांच्या एका कळपावर सुमारे तीस वर्षे केलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात मेंढ्यांची शिंगे पिढ्यागणिक लहान होत गेल्याचे दिसले. या निष्कर्षावर पुढे वादही झाले. पण माणूस जे वेचून नेतो त्याच्या उलट ते मागे उरते, हे तत्त्व बियाणे राखणाऱ्या शेतकऱ्याला नवे नाही.

'मादी मारायची नाही' हा नियमही सगळीकडे, सर्वकाळ चांगलाच असे नाही. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हरणे जवळपास संपली होती म्हणून १९०७ साली मादी मारण्यावर बंदी आली. लांडगे तिथून आधीच नाहीसे झाले होते. काही दशकांत हरणे इतकी झाली की जंगलात नवी रोपे वाढेनात. मग माद्या मारायला परवानगी द्यावी लागली, तेव्हा शिकारीच अडून बसले. मादी मारणे पाप, असे त्यांना तोपर्यंत पटवून झाले होते! आपल्या पहिल्या गटाच्या तुरीच्या दाण्यांकडे पुन्हा एकदा पाहिले तर हे कसे घडले ते लक्षात येते.

आपल्याकडे काय झाले? पारध्यांच्या नियमाचा आधार दोन बाजूंनी काढून घेतला गेला. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे अनेक भटक्या जमातींबरोबर पारध्यांवरही जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. हजेरी, तारेच्या कुंपणातल्या वसाहती, गावोगावचा संशय हे सारे त्याबरोबर आले. सोलापूरची अशी वसाहत प्रसिद्धच आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हे लोक कायद्याने मुक्त झाले, शिक्का मात्र पुसला गेला नाही. दुसरीकडे माळ नांगराखाली आले. चराऊ राने गेली तसे वाटून घेतलेले टापूही गेले. आपले म्हणता येईल असे रानच उरले नाही, तर पुढच्या वर्षीसाठी कोण राखून ठेवणार?

त्याच सुमारास नवा शिकारी आला. दुसऱ्या महायुद्धानंतर जीपगाडी सहज मिळू लागली. तिच्यावर प्रखर दिवा आणि हातात बंदूक. रात्री डोळ्यांवर झोत पडला की हरिण जागीच थबकते. मग नर कोण, मादी कोण, गाभण कोण, हे पाहण्याचा प्रश्नच नाही. या शिकाऱ्याला ना जातपंचायत, ना साहेबी क्लब, ना पुढच्या वर्षी त्याच माळावर पोट भरण्याची गरज. काळवीट एकेका भागातून असे दिसेनासे झाले, आणि त्याचा दोष पुष्कळदा फास घेऊन पायी फिरणाऱ्यावर ढकलला गेला. चित्ता तर देशातून गेलाच. १९५२ साली तो भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. कोल्हापूर संस्थानात शिकवलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार करत. ते चित्ते सांभाळणारे पारधी 'चित्तेपारधी' म्हणून ओळखले जात.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला व काळवीट त्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले. इतर काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने मात्र त्यानंतरही शक्य होते. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तरी काळवीट पहिल्याच अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. फास लावणे हाही गुन्हाच. म्हणजे फासेपारध्यांची रीत आज पुन्हा चालू करा असे कोणी म्हणत नाही, म्हणूही नये. संरक्षणाचा उपयोग झाला. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे १९८० साली खास काळविटांसाठी अभयारण्य झाले. ते जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे आहे. २०१७ साली जागतिक निसर्ग संवर्धन संघाने काळविटाला धोक्याच्या याद्यांबाहेर, सर्वांत कमी चिंतेच्या गटात टाकले. मराठवाड्यातले बहुतेक काळवीट अभयारण्याबाहेर, लोकांच्या शेतांत राहते.

आणि म्हणूनच निलंग्याच्या शेतकऱ्याला ही आनंदाची बातमी वाटेलच असे नाही. कोवळा हरभरा रात्रीतून खुडला गेला की शिव्या हरणालाच बसतात. पिकाच्या नुकसानीबद्दल वनखात्याकडून भरपाई मिळण्याची तरतूद आहे. तिच्यासाठी वेळेत अर्ज आणि पंचनामा लागतो, आणि हेलपाटेही होतात. पिकाला धोका म्हणून दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत मारण्याची परवानगी अधिकारी देऊ शकतात. पहिल्या अनुसूचीतल्या काळविटाबाबत केवळ पिकासाठी तसे करता येत नाही. मग काही ठिकाणी कुंपणात वीज सोडली जाते. तो गुन्हा तर आहेच, शिवाय ती वीज गाभण हरिणी, लांडगा आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी यांच्यात फरक करत नाही. हत्याराला निवड करता येते की नाही, हा वर आलेला मुद्दा इथेही जसाच्या तसा लागू पडतो.

वर्गात हा विषय घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लातूर, धाराशिव, सोलापूर भागातल्या अनेक शाळांत पारधी वस्तीवरची मुले असतात. 'पारधी' हा शब्द गावात शिवीसारखा वापरलेला त्यांनी ऐकलेला असतो. 'शिकारी वाईट, हरिण चांगले' असा धडा झाला तर त्या मुलाने मान खाली घालून बसायचे का? त्याऐवजी पाऊलखुणा, पक्ष्यांचे आवाज, कोणते जनावर कुठे पाणी पिते, यांबद्दल त्याच्या आजा-आजीला काय ठाऊक आहे ते विचारून यायला सर्वच मुलांना सांगता येईल. मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या वनाधिकारी लेखकाने पारध्यांच्या या रानविद्येचा मान राखला होता. वाशीम-अकोला भागात 'संवेदना' या संस्थेने फासेपारधी वस्त्यांच्या बरोबरीने माळराने आणि तणमोर जपण्याचे काम उभे केले, तेही याच ज्ञानाच्या बळावर.

पाडसाचा नियम मात्र आजही आपल्या मुलांच्या रोजच्या उपयोगाचा आहे. काळविटाचे नवे पाडस पहिले काही दिवस आईबरोबर हिंडत नाही. ते गवतात किंवा पिकात मान टाकून निपचित पडून राहते. आई दूर चरते आणि मधूनमधून येऊन पाजून जाते. लांडग्याच्या नजरेला पाडस पडू नये म्हणून ही रीत आहे. सोयाबीन काढताना किंवा गुरे चारताना असे पाडस दिसले की मुलांना वाटते, बिचारे पोरके झाले. कळवळ्याने ते उचलून घरी आणतात, बाटलीने गाईचे दूध पाजतात. असे पाडस बहुधा जगत नाही, जगले तरी रानात परतू शकत नाही, आणि ते घरी ठेवणे कायद्यानेही गुन्हा आहे. पाडस जिथे दिसले तिथेच राहू द्यावे, हात लावू नये, कुत्री लांब हाकलावीत, तेवढा पिकाचा तुकडा एक-दोन दिवस मागे ठेवून कापावा आणि आपण दूर व्हावे. माणसे जवळ असेपर्यंत आई येत नाही. पाडस जखमी असेल किंवा आई मेलेली दिसली असेल, तरच वनखात्याला कळवावे. १९२६ हा त्यांचा मदतीचा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवता येईल.